मळकी बाजू: निगेटिव्ह

गुरुवार, १४ एप्रिल १९९४. सकाळी धुकं, अकरानंतर ऊन. तळ्याचा बर्फ काठापासून सुटला. टपालाची गाडी आमच्या वळणावर चिखलात रुतली. फर्नांदने ढकलून बाहेर काढली, धाप लागली नाही. रात्री जेवायला सहाजण: चार विद्यार्थी, ऑरोर, मी. वाटाण्याचं सूप, उकडलेला कोबी, खिमा भरलेल्या दोन तुर्तिएर. जेवणानंतर मेणबत्तीचा प्रयोग. ऑरोर कॉफी न घेता घरी गेली.

ऑरोर पेलेतिएबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा मी वहीतलं हेच पान आधी उघडलं. आम्ही दोघी मठाच्या शाळेत एका बाकावर शिकलो, त्यामुळे तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे. पण एक्केचाळीस वर्षांत ती माझ्या घरून कॉफी न घेता गेली ती एकदाच.

ऑरोर उंदीरघराची नर्स होती. गावाबाहेरच्या त्या संस्थेचं नाव लांबलचक आहे, पण गावात सगळे उंदीरघरच म्हणतात. तिथे संशोधनासाठी पांढरे उंदीर वाढवतात, पेट्यांत घालून देशभर पाठवतात. बुटांचा कारखाना बंद झाल्यावर गावातली निम्मी माणसं तिथे लागली. ज्यांनी वीस वर्षं चामडं कापलं त्यांनी उंदरांचे पिंजरे धुवायला सुरुवात केली. त्यांची बोटं, पाठी, डोळे आणि छात्या सांभाळायचं काम ऑरोरचं. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, आणि चालताना बुटांचा आवाज बिलकूल नाही. "नर्सचा आवाज आला की लोक खोकला दाबतात," असं ती म्हणायची.

दर एप्रिलला विद्यापीठातून चार विद्यार्थी आठवडाभर यायचे. चौघांचे धंदे वेगळे, पण चौघांना पुढे जाऊन एकच काम करायचं: कामामुळे माणूस आजारी का पडतो ते शोधायचं आणि थांबवायचं. एक डॉक्टर, एक नर्स, एक हवेतली धूळ मोजणारा आणि एक यंत्रांची, वायुवीजनाची सुरक्षितता बघणारा इंजिनियर. विद्यापीठात त्यांचे वर्ग वेगवेगळ्या इमारतींत भरत. एकमेकांबरोबर काम करायला शिकावं म्हणून त्यांना ऑरोरकडे पाठवत, आणि माझे यजमान गेल्यापासून माझ्या वरच्या खोल्या रिकाम्या म्हणून ते उतरत माझ्याकडे.

मला त्यांच्या कामाचं भारी कुतूहल. सूप वाढण्याच्या निमित्ताने मी किती वेळा स्वयंपाकघरातून जेवणाच्या टेबलाशी जायची हे सांगायला नको. नंतर ऑरोरच म्हणाली, "सिमोन, उगीच येरझाऱ्या घालू नकोस. बस इथे. तू आमच्या कामाची आहेस."

मी कामाची कशी, तर तिच्या एका नियमामुळे. आमच्या मठात सिस्टर फिलोमेन नावाच्या स्वयंपाकीणबाई होत्या, त्यांना अक्षरओळख नव्हती. वर्गात धडा झाला की मुख्य सिस्टर आम्हाला खाली पाठवायच्या: "जा, फिलोमेनला समजावून या." फिलोमेनबाई बटाटे सोलता सोलता ऐकायच्या आणि कळलं नाही तर सरळ म्हणायच्या, "पोरी, तुलाच कळलेलं नाही." ऑरोरने तेच उचललं. विद्यार्थ्यांनी एकमेकांशी बोलताना आपल्या धंद्याचा शब्द वापरला की त्याने तो मला समजावून सांगायचा. मला कळेपर्यंत त्याचं जेवण थांबायचं. एका वर्षी एका इंजिनियरचं सूप तीनदा गरम केल्याची नोंद माझ्याकडे आहे.

दुसरा नियम पिशव्यांचा. उंदीरघरात फेरी मारताना प्रत्येकाने दुसऱ्याची पिशवी उचलायची. डॉक्टरने हवा ओढायचा पंप घ्यायचा, इंजिनियरने रक्तदाबाचं यंत्र. "आपली पिशवी हातात असली की डोळे पिशवीत जे मावतं तेवढंच बघतात," असं तिचं म्हणणं.

त्या वर्षी आलेला डॉक्टर होता टॅड व्हिटकोम. उंच, नम्र, बोलण्याआधी घसा साफ करायचा. नर्स इनेस बाप्तिस्ता, बंदरगावची, कमी बोलणारी, सगळ्यांत जास्त जेवणारी. हवा मोजणारी ज्युडिथ कपलान. ती दुधाच्या ग्लासावरची खूणसुद्धा डोळ्याच्या रेषेत धरून वाचायची. इंजिनियर डेस्मंड, हसरा, आल्या दिवशी माझ्या जिन्याची सैल पायरी विचारल्याशिवाय ठोकून देणारा.

आता फर्नांद. फर्नांद मिशो माझ्या मागच्या घरात राहतो. माझ्या यजमानांबरोबर बुटांच्या कारखान्यात होता. उंदीरघरात त्याचं काम मळक्या बाजूला. पिंजरे धुण्याच्या जागेचे दोन भाग असतात. एकीकडून घाणेरडे पिंजरे येतात, त्यांतला भुसा खरवडून ओतायचा, मग यंत्रात घालायचे. ते दुसरीकडे, स्वच्छ बाजूला, धुऊन निघतात. फर्नांद सात वर्षं भुसा ओतत होता. त्या हिवाळ्यात त्याला खोकला लागला, छातीत शिट्टी वाजू लागली. उंदीरघराचा डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा शहरातून येई. त्याने फर्नांदच्या हातावर टोचून तपासणी केली तर मांजराची थोडी ॲलर्जी निघाली. फर्नांदकडे मांजर होतं, करड्या रंगाचा तिग्री. डॉक्टरने लिहिलं: आजार घरच्या मांजरामुळे, कामाशी संबंध नाही. मांजर घरातून काढा आणि सहा आठवडे विश्रांती घ्या.

फर्नांदची बायको गेल्यापासून त्याच्या घरात बोलायला ते मांजरच होतं. त्याने ते टोपलीत घालून माझ्या दारात आणून ठेवलं. "मदाम अल्बेर, याला सकाळी कोमट दूध लागतं," एवढंच म्हणाला आणि टोपी डोळ्यांवर ओढून निघाला.

सहा आठवड्यांत खोकला गेला. शिट्टी गेली. डॉक्टर म्हणाला, बघा, मांजर गेलं आणि आजार गेला. सोमवार, १८ एप्रिलपासून फर्नांदने परत मळक्या बाजूला हजर व्हायचं होतं. उंदरांच्या भुशाच्या धुळीनेही अशीच छाती बिघडते, म्हणून ऑरोरला ते पटलेलं नव्हतं, पण बोट ठेवायला काही सापडत नव्हतं. मला एकदा म्हणाली, "मांजर आणि माणूस एकाच दिवशी हलवलं, सिमोन. आता कुणामुळे काय झालं ते देवाला ठाऊक. त्याची छाती पुन्हा बिघडली तर या खेपेला सुधारेलच असं नाही."

गुरुवारी जेवण होत आलं तेव्हा तिने एक फाईल काढली. वरचं नाव कागद चिकटवून झाकलेलं. "एक माणूस आहे," ती म्हणाली. "चार पानं आहेत. दुसऱ्याच्या धंद्याचं पान घ्या आणि सिमोनला सांगा." नाव झाकलं होतं खरं, पण तिग्री टेबलाखाली माझ्या पायावर बसला होता, त्यामुळे माणूस कोण ते मला लगेच कळलं.

हवेचं पान टॅडच्या वाट्याला आलं. त्याने घसा साफ केला. "खोलीतल्या हवेची तपासणी, अकरा जानेवारी. मळकी बाजू: निगेटिव्ह. म्हणजे बाई, हवेत उंदरांची धूळ सापडली नाही. खोली निर्दोष आहे."

"कुठल्या पंपाने मोजली?" ज्युडिथने विचारलं.

"तसं लिहिलेलं नाही."

"किती वेळ मोजली?"

"तेही नाही."

"मग आकडा? अरे, निगेटिव्ह हा काही आकडा नाही! आम्ही असं लिहिलं तर आमचे सर वही खिडकीतून फेकतील."

"तुमच्याकडे फेकत असतील. आमच्याकडे निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह. तपासलं, सापडलं नाही, रोग्याला घरी पाठवा."

डेस्मंड तुर्तिएरचा तुकडा तोंडात धरून हसायला लागला. "डॉक्टर, ही तपासणीच नाही. हे वायुवीजनाच्या मेकॅनिकचं लिहिणं आहे. निगेटिव्ह म्हणजे त्या खोलीतला हवेचा दाब शेजारच्यापेक्षा कमी. दार उघडलं की हवा आत ओढली जाते, बाहेर जात नाही. मळकी बाजू निगेटिव्हच ठेवतात. मेकॅनिकने लिहिलंय की पंखा ठीक चाललाय, बस."

"एका शब्दाचे दोन अर्थ कसे असतील?"

"तुझ्या बायकोला विचार, 'काही नाही' या शब्दाचे किती अर्थ असतात ते," इनेस म्हणाली. त्या आठवड्यात तिने केलेला हा एकच विनोद, म्हणून मी तो लिहून ठेवला.

"थांबा," मी म्हटलं. "मला कळलेलं नाही. हवा आत ओढली जाते म्हणजे काय होतं?"

डेस्मंड उठला. त्याने माझ्या चुलीवरचा धूर ओढणारा पंखा लावला, खिडक्या बंद केल्या आणि स्वयंपाकघराचं दार चार बोटं उघडं ठेवलं. कपाटावरची मेणबत्ती पेटवून विझवली आणि धुमसणारी वात दाराच्या फटीशी धरली. धूर क्षणभर सरळ वर गेला, मग वाकला आणि फटीतून स्वयंपाकघरात शिरला. त्याने मेणबत्ती खाली-वर केली तरी तेच.

"बघा बाई, तुमचं स्वयंपाकघर आत्ता निगेटिव्ह आहे. म्हणून कोबीचा वास बैठकीत जात नाही."

"बरंच आहे की मग."

"बैठकीत बसणाऱ्यांना बरंच आहे."

"आणि स्वयंपाकघरात कोण असतं?" ज्युडिथने हळूच विचारलं.

"मी," मी म्हटलं.

टॅडने हातातलं पान पुन्हा वाचलं, या खेपेला तोंडातल्या तोंडात. मग म्हणाला, "म्हणजे खोली आपलं काम चोख करत होती. धूळ बाहेर कुणाला लागू नये म्हणून आत ठेवत होती. आणि हा माणूस सात वर्षं आतच होता. धूळ कुणी मोजलीच नाही." तो ऑरोरकडे वळला. "पण बाई, मेकॅनिकचं पान तपासणीच्या निकालाच्या रकान्यात घातलं कुणी? इतका गाढवपणा..."

"मी," ऑरोर म्हणाली.

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मेकॅनिकचं कार्ड दारावर लटकत होतं. डॉक्टरसाठी फाईल करताना मी ते उतरवलं. चौतीस वर्षं मी निगेटिव्ह हा शब्द निकालाच्या रकान्यात लिहीत आलेय, रक्ताचा, लघवीचा, छातीच्या फोटोचा. हात आपोआप तिकडे गेला. आणि मी तुम्हाला शिकवते की शब्द विचारून घ्या."

टॅडचे कान लाल झाले. "मला तसं म्हणायचं नव्हतं, बाई."

"तसंच म्हणायचं होतं, डॉक्टरसाहेब, आणि बरोबर म्हणालात."

तेव्हा मला राहवलं नाही. मी वरच्या खोलीत गेले आणि वही घेऊन आले. फर्नांद दर रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर मांजराला भेटायला माझ्याकडे येत होता. ऑरोरला सांगू नका म्हणून त्याने मला शपथ घातली होती, नाहीतर ती रागावेल. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण लिहिलं मात्र होतं, कारण मी सगळंच लिहिते. सहा रविवार होते. मी एक वाचून दाखवला: "रवि. २० मार्च. फर्नांद साडेदहा ते बारा. तिग्री पूर्ण वेळ मांडीवर. कॉफी दोन कप, कुट्टूच्या पिठाची चार प्लोय धिरडी काकवीबरोबर. खोकला नाही. जाताना डोळे पुसले, पण ते वेगळं."

इनेसने वही माझ्या हातातून घेतली आणि सहाही रविवार वाचले. "दीड-दीड तास मांजर मांडीवर, आणि काही झालं नाही," ती म्हणाली. "मांजराचा यात हात असला तर अगदी थोडा."

ऑरोर माझ्याकडे वळली. "सिमोन, हे तू मला सांगितलं नाहीस."

"त्याने शपथ घातली होती. आणि तू विचारलंही नाहीस."

"नाही विचारलं," ती म्हणाली. कोट घातला आणि गेली. कॉफी चुलीवर तशीच राहिली.

शुक्रवारी सकाळी सव्वाआठला ती माझ्या दारात होती. रात्री झोपली नसावी, पण केस नेहमीसारखे घट्ट बांधलेले. तिला माझ्याकडून फोन करायचा होता. उंदीरघरातून केला तर तो कार्यालयाच्या बाईच्या टेबलावरून जातो, आणि ऑरोरला आधी डॉक्टरशी बोलायचं होतं, मग संस्थेच्या साहेबांशी. चारही विद्यार्थी जिन्यावर बसून ऐकत होते. तिने त्यांना हाकललं नाही.

"डॉक्टर, मिशोच्या फाईलमध्ये हवेचा निकाल म्हणून जे आहे तो निकाल नाही," ती म्हणाली. "तो पंख्याचा दाब आहे. मी चुकीच्या रकान्यात लिहिला."

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "हो, मीच... नाही, मेकॅनिकची चूक नाही, त्याने बरोबर लिहिलं होतं... हो, त्यावरच तुम्ही मांजर ठरवलंत ते मला माहीत आहे. मी तुम्हाला दोष देत नाही. मी सोमवारबद्दल बोलतेय."

पुन्हा पलीकडचा आवाज. ऑरोरने माझ्या वहीतला एक रविवार वाचून दाखवला, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्याला तिने थांबून ऐकलं. "शेजारीण," ती म्हणाली. "नाही, नर्स नाही. पण ती घड्याळ बघून लिहिते."

तिने फोन ठेवला तेव्हा टॅडने विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, मांजराचं खोडत नाही, पण कामाशी संबंध नाही हे वाक्य खोडतो. हवा मोजून आकडे येईपर्यंत मिशो मळक्या बाजूला पाय ठेवणार नाही. आणि म्हणाले, पेलेतिएबाई, इतक्या वर्षांनी तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"हे जास्तच झालं," डेस्मंड म्हणाला.

"काही जास्त नाही. चला, पंप घ्या. ज्युडिथ, आज पंप तूच उचल. आज पिशव्यांचा खेळ नाही."

त्या दिवशी फर्नांदच्या जागी काम करणाऱ्या बाईच्या कमरेला छोटा पंप आणि कॉलरला त्याची नळी लावून त्यांनी आठ तास हवा गोळा केली. आकडे मे महिन्यात आले. मला ते ज्युडिथने पत्रातून कळवले. समजलं एवढंच की ते बाहेरच्या खोल्यांतल्या, म्हणजे बैठकीतल्या माणसांच्या, आकड्यांच्या कितीतरी पट होते. पुढे मळक्या बाजूला भुसा ओतायच्या टेबलावरच हवा ओढून घेणारा पंखा बसवला आणि तिथल्या सगळ्यांना नीट बसणारे मास्क मिळाले. पण हे नंतरचं.

शुक्रवारी साडेचारला ऑरोर फर्नांदकडे गेली आणि मलाही बरोबर यायला सांगितलं. फर्नांद ओसरीत मासे साफ करत होता. ओढ्यात स्मेल्ट मासे चढले होते. त्याने आम्हा दोघींना एकत्र बघितलं आणि माझ्याकडे रागाने पाहिलं. रविवारचं बिंग फुटलं हे त्याला कळलं होतं.

ऑरोरने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शब्द कुठून आला, कुठे लिहिला, कुणी लिहिला. सोमवारी स्वच्छ बाजूला हजर व्हायचं, तिथे धुतलेले पिंजरे रचायचे, मळक्या बाजूला अजिबात जायचं नाही, कुणी सांगितलं तरी नाही.

फर्नांदने सुरी पुसली. "म्हणजे तुझ्या एका शब्दापायी मी मांजर सोडलं."

"हो."

"आणि सोमवारी परत त्याच खोलीत उभा राहिलो असतो."

"हो, फर्नांद."

त्याने आणखी एक मासा उचलला आणि म्हणाला, "तू सांगितलं नसतंस तर कुणाला कळलं असतं?"

"त्या चार पोरांना कळलं होतं."

"ती शनिवारी जाणार."

"मला कळलं होतं," ऑरोर म्हणाली.

फर्नांदने वर्तमानपत्रात बारा स्मेल्ट गुंडाळले आणि तिच्या हातात दिले. ती घेईना. "घे," तो म्हणाला. "राग आहेच. माशांनी काय केलंय?" मग माझ्याकडे वळून, "आणि मदाम अल्बेर, तुमच्याशी मी पुढच्या रविवारपर्यंत बोलणार नाही."

"परवा रविवारच आहे," मी म्हटलं.

"मग परवापर्यंत."

शनिवारी सकाळी विद्यार्थी निघाले. निघायच्या आधी ऑरोर एक फाईल घेऊन आली. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी तिने सराव तयार केला होता: तीच चार पानं, मेकॅनिकच्या कार्डाची नक्कल आणि शेवटी माझ्या वहीतला एक रविवार. फर्नांदच्या नावावर कागद चिकटवलेला होता. निकालाच्या रकान्याखाली मात्र "लिहिणारी: ऑरोर पेलेतिए, नर्स" हे तसंच ठेवलं होतं.

टॅडने घसा साफ केला. "बाई, हेही झाकायला हवं. विद्यापीठात नावं घालत नाहीत."

"आजाऱ्याचं घालायचं नाही. माझं घालायचं. नाहीतर पुढची पोरं म्हणतील, कुणीतरी गाढव असेल, आपण नाही. त्यांना माझ्या शेजारी बसून जेवू दे, माझ्याबरोबर फेरी मारू दे, आणि मग हे वाचू दे."

इनेसने फाईल घेतली आणि आपल्या पिशवीत ठेवली. डेस्मंडने गाडीत सामान भरलं. ऑरोर रस्त्याच्या कडेला चिखलात उभी होती. गाडी वळेपर्यंत तिने हात हलवला नाही, नुसतं बघत राहिली. मग आत आली आणि म्हणाली, "कॉफी आहे का गं?" दोन कप प्यायली. साहेबांना सोमवारी काय सांगायचं ते माझ्यापुढे एकदा बोलून बघितलं. एका ठिकाणी मी म्हटलं, कळलं नाही. तिने ते वाक्य बदललं.

शनिवार, १६ एप्रिल, संध्याकाळची नोंद: चारही खोल्यांच्या चादरी धुतल्या, वाळल्या. उशांचे अभ्रे आठ हवेत, सातच निघाले. सातच लिहिले.